मूठभर कांड्या

आमच्या गल्लीत कुणाकडे पेलेटचं पोतं उतरलं की याकोबमामा पाच मिनिटांत तिथं हजर. बोलावणं लागायचं नाही. टेम्पोवाला पोतं ओट्यावर टेकवून कंबर सरळ करतो न करतो तोच मिशनच्या जुन्या आवाराच्या फाटकाची कडी वाजायची. अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, खाकी पँट आणि पायात कंपनीतले जुने सेफ्टी बूट घातलेले मामा रस्ता ओलांडून यायचे. उंच होते, जरासे वाकलेले. रिटायर होऊन वर्षं लोटली तरी बूट सुटले नव्हते. "पाय त्येच्यातच म्हातारं झाल्यात," म्हणायचे.

पहिल्यांदा आले तेव्हा मी त्यांना ओळखतही नव्हते. शिरूरला घर बांधून आम्ही नुकतेच राहायला आलो होतो. मी शाळेत विज्ञान शिकवायची आणि आमचे हे रांजणगावला पाळीवर जायचे. गॅसचा सिलिंडर कधी वेळेवर यायचा नाही, म्हणून आंघोळीच्या पाण्याला आणि भाकरीला मी पेलेटची शेगडी घेतली होती. लाकडाचा भुसा मशीनमध्ये दाबून त्याच्या पेन्सिलीच्या तुकड्याएवढ्या कांड्या करतात, त्याला म्हणायचं पेलेट. शेगडीच्या बुडाशी एक लहानसा पंखा असतो, तो हवा देतो आणि धूर जवळजवळ होत नाही. निदान दुकानदाराने तरी तसं सांगितलं होतं.

"बाई, पोतं उघडलं का?" नमस्कार नाही, चमत्कार नाही, हे पहिलं वाक्य. नाही म्हटलं तर म्हणाले, "मग एक गिलास पाणी आणा."

उन्हातून आलेत, तहान लागली असेल, म्हणून मी आपली तबकात काचेचा पेला ठेवून अदबीने पुढे केला. मामांनी पोत्याची शिवण सोडली, आतून एक कांडी काढली आणि त्या पेल्यात टाकली. दुसरी कांडी कानाशी धरली आणि बोटांनी मोडली. खट्ट आवाज आला. तिसरीचा वास घेतला, टोक जिभेला लावून पाहिलं. मग कोपरापर्यंत हात पोत्यात घालून तळाशी भुकटी किती साचली आहे ते चाचपलं. हे सगळं इतक्या गंभीरपणे, की मध्येच काही विचारायची माझी हिंमत झाली नाही.

मग त्यांनी मला समजावलं. चांगली कांडी मोडताना खट्ट वाजते, ओली असेल तर नुसती दबते. वास सुताराच्या दुकानातल्या ताज्या भुश्यासारखा यायला हवा. पाण्यात टाकली की ती बुडाली पाहिजे, फुगली पाहिजे आणि चहा होईस्तोवर सुटून तिचा पुन्हा भुसा झाला पाहिजे. लाकूड फक्त दाबलेलं असतं, पाणी मिळालं की ते मोकळं होतं. जी कांडी पाण्यातही सुटत नाही, तिच्यात लाकडाखेरीज दुसरं काहीतरी आहे. डिंक, फेविकॉल, रंग, प्लायवूडचा चुरा, काहीही.

माझ्या पेल्यातली कांडी चहा होऊन, पिऊन, कपबश्या विसळून झाल्या तरी तशीच तळाशी पडली होती.

"मामा, मी शाळेत ज्वलनच शिकवते," मी जरा फणकाऱ्यानेच म्हटलं. एवढं मोठं पोतं परत द्यायचं माझ्या जिवावर आलं होतं.

"मग तुमाला सांगायची गरजच न्हाई," ते म्हणाले आणि पुढे पाऊण तास सांगत राहिले. जाताना मात्र उंबऱ्याशी थांबले. "बाई, चुलीत जातंय ते आदी छातीत जातंय. येवढं ध्यानात ठिवा."

पोतं परत गेलं. मामा स्वतः माझ्याबरोबर दुकानात आले. दुकानदाराने त्यांना पाहताच कपाळावर हात मारला, म्हणजे मी पहिली नव्हते. पुढे पुढे तो शहाणा झाला आणि नवा माल आला की आधी मामांनाच निरोप धाडायला लागला. मामा जायचे, पाण्याचा पेला मागायचे, हो किंवा नाही सांगायचे आणि चहासुद्धा न घेता परत यायचे. ज्योतिषाकडे पत्रिका न्यावी तसे लोक त्यांच्याकडे रुमालात कांड्या बांधून आणत. शिक्रापूरला खोल्या करून राहणाऱ्या पोरांची खानावळ चालवणारी एक बाई तर दर महिन्याला जीपमधून यायची. गल्लीत त्यांची थोडी चेष्टाही चालायची. म्हातारपणी कुणाला विड्यांचा नाद असतो, कुणाला कोर्टकचेरीचा, याकोबमामांना कांड्यांचा.

मीही हसायचे. आता त्याची लाज वाटते.

त्यांची एक लकब मला सुरुवातीपासून विचित्र वाटायची. शेगडी पेटवून पंखा सुरू केला, तो घुं करून फिरू लागला की मामा तर्जनी वर करायचे. बोलणारा माणूस आपोआप गप्प व्हायचा. मिनिटभर, कधी दोन मिनिटं मामा मान जराशी कलती करून ऐकत राहायचे. मग बोट खाली यायचं आणि बोलणं तुटलं होतं तिथून पुढे सुरू व्हायचं. आम्हाला वाटायचं, ज्वाला कशी धरते ते ऐकतात. कंपनीत बॉयलरवर आयुष्य गेलेला माणूस, कानाने काम करणारा. मी तर वर्गातल्या मुलांनाही त्यांचं उदाहरण दिलं होतं, की निरीक्षण फक्त डोळ्यांनी होत नाही.

पण ते ऐकताना त्यांचा चेहरा बघणं मला जमायचं नाही. ज्वाला ऐकणाऱ्या माणसाचा तो चेहरा नव्हता. बंद खोलीबाहेर उभं राहून आत कुणी जागं आहे का याचा कानोसा घ्यावा, तसा होता.

त्यांच्या घरी मी गेले ते बऱ्याच महिन्यांनी, नाताळच्या करंज्यांचं ताट परत द्यायला. मिशनच्या काळातलं दोन खोल्यांचं कौलारू घर. बाहेरच्या खोलीत खाट, टेबल, बायबल आणि भिंतीवर सगुणामावशींचा फोटो, म्हणजे त्यांच्या बायकोचा. गोल चेहरा, मोठं हसू, अंबाड्यात फूल. आतल्या खोलीत ओटा होता आणि ओट्यावर पेलेटची शेगडी. घासून इतकी लख्ख ठेवलेली, की तिच्यात माझं तोंड दिसलं. जाळीवर काजळीचा ठिपका नव्हता. उभ्या तालुक्याला पेलेट निवडून देणाऱ्या माणसाच्या घरात शेगडी पेटत नव्हती. जेवणाचा डबा मेहुणीकडून यायचा आणि तो ते तसाच गार खायचे.

स्वयंपाकघराच्या खिडकीला तावदानं नव्हती. गज होते, चौकट होती, पण झडपा बिजागरीसकट काढून टाकलेल्या. डिसेंबरचं वारं आत येत होतं आणि फोटोखालचं कॅलेंडर फडफडत होतं. मी म्हटलं, मामा, सुताराला सांगून दारं बसवून घ्या, गारठून जाल. ते म्हणाले, "व्हती. म्याच काढली."

एकदा ते मला दौंडच्या बाजूला आप्पांच्या कारखान्यावर घेऊन गेले. कारखाना म्हणजे उसाच्या फडाच्या कडेला पत्र्याची शेड, एक मशीन आणि चार बिहारी मजूर. आप्पा म्हणजे मोठा बागायतदार, सोसायटीत वजन असलेला, बोलायला फटकळ. मामांचं आणि त्यांचं पटायचं, म्हणजे भेटले की भांडायचे. पाण्याच्या पेल्याची परीक्षा मामांना शिकवली ती या आप्पांनीच.

शेडमध्ये दोन ढीग होते. एक वखारीतून आणलेल्या बाभूळ-आंब्याच्या भुश्याचा, दुसरा उसाच्या पाचटाचा. दोन्हींच्या कांड्या दिसायला सारख्याच, मला तरी फरक कळला नाही. मामांनी आप्पांच्या शेगडीत आधी पाचटाच्या जाळल्या. जाळ सुरेख लागला, पण थोड्या वेळाने तळाशी राखेचा वितळून काचेसारखा गठ्ठा झाला. वीटभट्टीत जास्त भाजलेल्या विटांचा होतो तसा खंगर. हवेची भोकं बुजली, ज्वाला गुदमरली आणि एवढा वेळ न दिसलेला धूर भसकन वर आला.

मी म्हटलं, म्हणजे पाचटाचा माल वाईट. आप्पा चिडले. त्यांचा तो माल कारखान्यांच्या बॉयलरला जायचा आणि कुणाची तक्रार नव्हती.

"आप्पांचं खरं हाय," मामा म्हणाले. "माल कंचाच वाईट नसतो, बाई. जागा चुकती. बॉयलरला आभाळापोतर चिमणी असती. तिथं कायबी घाला, वरच्या वर जातंय. घरातली चिमणी म्हंजी आपल्या बायामाणसांची छाती."

आप्पांनी हात पुढे करून शेगडीचा पंखा बंद केला. मामांनी पुढे होऊन चिमट्याने तो खंगर उचलला, निववला आणि रुमालात गुंडाळून खिशात घातला. येताना एसटीत सबंध वेळ तो रुमाल त्यांच्या मांडीवर होता. त्या वेळी मला वाटलं, नमुना म्हणून घेतला असेल, कुणाला तरी दाखवायला.

सगळं कळलं ते त्याच्या पुढच्या नाताळात. मिशनच्या आवारात सगळ्यांचा मिळून फराळ करायची त्यांच्याकडे पद्धत आहे. करंज्या, शेव, चकल्या, मोठमोठ्या कढया आणि बायकांची ही गर्दी. जागा म्हणजे चर्चमागची एक लांब, बुटकी खोली. मी शेजारी म्हणून लाटायला गेले होते. त्या वर्षी एका कंपनीतल्या मुलाने मोठ्या मनाने पेलेटची दोन पोती फुकट आणून दिली होती. कंपनीत मशीनं ज्या लाकडी पेट्यांतून येतात, त्यांच्या फळ्यांचा आणि प्लायचा भुगा करून कुणीतरी कांड्या पाडल्या होत्या. काय देखणा माल होता तो. फिकट, गुळगुळीत, चकचकीत, दगडासारखा टणक. कांडी मोडता मोडत नव्हती.

मामा नेहमीप्रमाणे आले. एक कांडी हातात घेतली आणि बोटांत फिरवत राहिले. पाण्याचा पेला मागितला नाही, कानाशी धरली नाही. मग त्यांनी दोन्ही पोती ओढत दारापाशी आणली, एकावर एक ठेवली आणि त्यांवर बसले.

आधी सगळ्यांना गंमत वाटली. मामा, उठा की, तेल तापवायचंय. मामा, आज उपास आहे का तुमचा. मग बायका वैतागल्या. तो मुलगा हिरमुसला, चर्चच्या पाळकांनी येऊन समजूत घातली. मामा दुपार उतरेपर्यंत तसेच बसून राहिले, हात गुडघ्यांवर, नजर समोर. शेवटी घरोघरच्या गॅसच्या शेगड्या आणून फराळ झाला आणि ती पोती कंपनीच्या गाडीत परत चढवल्यावरच मामा उठले. उठताना गुडघे धरले होते. कुणी हात दिला तो त्यांनी घेतला नाही.

मेरीमावशी, सगुणामावशींची धाकटी बहीण, माझ्या शेजारी लाटत बसली होती. तिनेच सांगितलं, लाटणं न थांबवता.

"दाजी रिटायर झालं तवा कंपनीतनं असंच पोतं आणलं व्हतं. स्वतः निवडून. लई खूश. बॉयलरवर जल्म गेला, म्हनं हाच माल सगळ्यात भारी, टणक आन् चमकदार. ताईला आदीचाच दमा. थंडीचं दिवस, तिनं खिडकी-दारं लावून घेतलेली. चार दिस त्याच शेगडीवर पाणी तापवलं, सैपाक केला. पंखा फिरला की ताईला खोकला लागायचा. पाचव्या दिशी दवाखान्यात न्हेली, ती घरी आलीच न्हाई." मग लाटणं बाजूला ठेवून ती म्हणाली, "डाक्टर म्हनलं निमोनिया झाला, छाती आदीचीच कमजोर व्हती. आमी कुणी दाजींना बोल लावला न्हाई. एस्तेरनं बी न्हाई."

एस्तेर म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी. तिचा नवरा रेल्वेत, दौंडला क्वार्टरमध्ये राहायची.

मग मला एकेका गोष्टीचा अर्थ लागत गेला. काढून टाकलेल्या झडपा, लख्ख शेगडी, रुमालातला खंगर. आणि ते वर केलेलं बोट. मामा ज्वाला ऐकत नव्हते. शेगडीचा पंखा सुरू झाला की सगुणामावशींना खोकला यायचा, तो ते ऐकायचे. नाही ऐकू आला की बोट खाली घ्यायचे. त्या संध्याकाळी मी माझी शेगडी पेटवली आणि पंखा सुरू झाल्यावर माझाच हात बटणावर थांबला. पुढे कित्येक दिवस तो तसाच थांबायचा.

जानेवारीत मामा माझ्याकडे एक डबा घेऊन आले. बिस्किटांचा जुना गोल पत्र्याचा डबा, झाकणाला सगळीकडून काळी टेप. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी एस्तेर त्यांना तीन आठवडे दौंडला नेणार होती. घराची कौलं सरकली आहेत, अवकाळीचा भरवसा नाही, डब्याला ओल लागू देऊ नका, म्हणाले.

"त्या पोत्यातली मूठभर हायेत. बाकी समदी वतून दिली, येवढी ठिवली."

कुठलं पोतं हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मला माहीत आहे हे त्यांना माहीत होतं.

"तुम्ही कधी पाण्यात टाकून पाहिली नाही?" मी विचारलं.

"न्हाई. गावाची तपासली, ही न्हाई. धीरच व्हईना." मग थोडा वेळ ते डब्यावरची टेप अंगठ्याने दाबत राहिले. "पर आता एस्तेर म्हनती कायमचंच या. ऑपरेशन झालं की सामान न्यायला यायचं आन् जायाचं. लेकीच्या घरात र्‍हायला जायाचं बाई, तर हातात काय घिऊन जातोय ते ठावं असाया पायजे. परत आल्यावर तुमच्या अंगणात पेटवू. तुमी विज्ञानाच्या हायेत. तुमी साक्षीला बसा."

ते गेले आणि डबा माझ्या फडताळात राहिला. आठवडाभर मी त्याच्याकडे पाठ करून वावरले. मला भीती वाटत होती, खरंच. डब्यातल्या कांड्या वाईट निघाल्या तर हा माणूस माझ्या अंगणात, माझ्या डोळ्यांदेखत मोडून पडणार होता. आणि मग तो लेकीकडे गेलाच नसता. त्या तावदानं नसलेल्या घरात गार डबा खात उरलेले दिवस काढले असते. एका दुपारी मनाशी म्हटलं, आधी आपण बघून घेऊ. चांगल्या निघाल्या तर प्रश्नच मिटला. टेपचा चिकटा कधीच गेला होता, ती अलगद सुटली.

एक कांडी पाण्यात टाकली. सकाळी टाकलेली संध्याकाळीसुद्धा सुरीने चिरलेल्या कडा घेऊन जशीच्या तशी होती. दुसऱ्या दिवशी अर्ध्या कांड्या अंगणात शेगडीत घालून पेटवल्या. आधी सनमायकाच्या दुकानात येतो तसा वास आला, मग डोळ्यांतून पाणी आणि मग घशात असं काही बसलं की मी शेगडी तशीच टाकून फाटकाबाहेर पळाले. उघड्या अंगणात हे. चार भिंतींत, खिडक्या लावून, चार दिवस. मी रस्त्यावर उभी राहून खोकत होते आणि त्या खोकल्यामागे दुसरा एक खोकला ऐकू येत होता. माझाच असेल. नसेलही.

उरलेल्या कांड्या मी सीताफळाच्या बुंध्याशी खड्डा करून पुरल्या. आणि डब्यात आप्पांकडच्या कांड्या भरल्या, चांगल्या बाभळीच्या. फक्त त्या मळकट होत्या आणि मामांच्या चकचकीत. मग मी शेंगदाण्याच्या तेलाचं बोट घेऊन एकेक कांडी पुसली. पोळीला लावतो त्याहून कमी, पण लावलं. मुलांची कॉपी पकडण्यात माझी हयात गेली होती, म्हणून फसवाफसवी मला जमेल असं वाटलं असावं. ऑपरेशनचे डोळे आहेत, अजून नीट दिसत नसेल, असाही हिशेब केला होता. कानांचा हिशेब केलाच नाही.

मामा परत आले. डोळ्यांवर काळा चष्मा, बाकी तसेच. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला ते अंगणात आले. स्वेटर घातला होता. मी शेगडी मांडली, दोन खुर्च्या ठेवल्या आणि न सांगता पाण्याचा पेला आणला. त्यांनी टोपी काढली, ओठ हलवून काही पुटपुटले आणि डबा मांडीवर घेऊन टेप सोडली. पहिली कांडी पेल्यात टाकली.

दुसरी कानाशी धरून मोडली. खट्ट झालं. मोडलेले दोन तुकडे हातात, हात कानाशी, असे ते बराच वेळ बसले. मग एक तुकडा नाकाशी नेला. मग चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. ऑपरेशन झालेल्या डोळ्याला पाणी होतं आणि मला वाटलं ते उन्हाचं असेल.

पेल्यातली कांडी सुटायला लागली होती. फुगली, उकलली आणि तिचा मऊ भुसा तळाशी बसला. आम्ही दोघं बघत होतो.

"पेटवा," मामा म्हणाले.

मी पेटवलं. पंखा सुरू झाला आणि त्यांचं बोट वर गेलं. मी इतकी कधीच ऐकत बसले नव्हते. पंख्याची घुं, रस्त्यावरून जाणारी कंपनीची बस, बस्स. स्वच्छ पिवळा जाळ वर येत होता आणि धुराची रेघसुद्धा नव्हती. बोट खाली आलं.

"लाकूड हाय," ते म्हणाले. "साधं लाकूड."

मला रडू फुटलं. त्यांच्यासमोर, पदर तोंडाला लावून, मी लहान मुलीसारखी रडले. सुटल्याचं रडू होतं ते. मामा उठले, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "गप. झालं आता." खरं तर मीच त्यांना धीर द्यायचा, तर ते मला देत होते, आणि एवढ्यानेही माझ्या लक्षात आलं नाही. उलट मनातून थोडा अभिमानच वाटला, की जमलं. आयुष्यात एक तरी खोटं कारणी लागलं.

ते दोन दिवसांनी निघणार होते, तोवर मी त्यांच्या घरी आवराआवरीला जात होते. भिंतीवरचा फोटो त्यांनी स्वतः उतरवून सदऱ्यात गुंडाळला. शेगडी मेरीमावशीला दिली. खंगर खिडकीच्या चौकटीत ठेवला होता, तो तिथेच राहू दिला.

जावयाने गाडी आणली होती. मामा पुढे बसले आणि थंडी असूनही आधी काच खाली केली. सगळ्यांचा निरोप घेऊन झाला, मेरीमावशीने डोळे पुसले. मग त्यांनी पायापाशी ठेवलेला तो बिस्किटांचा डबा उचलून खिडकीतून माझ्या हातात दिला. हलवला तर आत कांड्या वाजल्या. आम्ही जाळल्या त्यातून उरलेल्या होत्या.

"ठिवा तुमच्याकडं. आप्पाचा माल हाय, चांगला जळंल." मग आवाज उतरवून, जावयाला ऐकू जाणार नाही असं म्हणाले, "तेल तेवढं लावायला नको व्हतं, बाई."

काहीतरी बोलायला मी तोंड उघडलं, पण त्यांनी मान हलवली.

"वाईट वाटून घेऊ नका. मला कळायचं ते त्याच दिशी कळलं. एस्तेरला म्याच सांगंन."

कळायचं ते. डब्यातल्या कांड्या चांगल्या असत्या तर मी त्या बदलल्या कशाला असत्या? इतकी वर्षं जे पाण्यात टाकून बघायचा धीर त्यांना झाला नाही, ते मी तेलाचं बोट लावून त्यांच्या हातात ठेवलं होतं. आणि त्यांनी ते कानाशी धरून ऐकलं, माझ्याकडे पाहिलं आणि माझ्यासाठी, मला बरं वाटावं म्हणून, साधं लाकूड म्हणाले. त्या खुर्चीत त्या क्षणी सगुणामावशी त्यांच्यासाठी दुसऱ्यांदा गेल्या असतील, आणि मी समोर बसून सुटल्याचं रडत होते.

सीताफळाखाली खड्डा अजून ओळखू येतो. तीन पावसाळे त्याच्यावरून गेले. आतलं सुटलेलं नसणार, हे मी कुणाहीपेक्षा चांगलं जाणते.

त्या दिवशी गाडी सुरू झाली. इंजिनाची घरघर झाली, मिशनच्या फाटकाला वळसा घालून ती रस्त्याला लागली आणि कोपऱ्यावर क्षणभर थांबली. उघड्या काचेतून मामांचा हात बाहेर आला. मला वाटलं, निरोपाचा हलवतील. पण त्यांनी फक्त तर्जनी वर केली, नेहमीसारखी, आणि तशीच धरून ठेवली. गाडी वळून दिसेनाशी झाली तेव्हाही बोट खाली आलेलं नव्हतं. मी डबा छातीशी धरून, श्वास आवरून, ऐकत उभी होते.